पवन राखीव बाकावर का होता? चढाईपटू हेरण्याची गोष्ट, गिरणगाव ते लिलाव

आजचा भाग रेकॉर्ड करतोय शिवडीतून. खिडक्या बंद केल्यात, तरी मधूनच हार्बरच्या लोकलचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या. ऐकायला वेळ नसतो म्हणून जे हा भाग वाचतात, त्यांच्यासाठी नेहमीसारखंच: बोलणं बरंचसं बोलल्यासारखंच ठेवलंय.

सुरुवात एका तारखेपासून करू. ५ जानेवारी २०१९. इथून मुंबई आडवी ओलांडली की पश्चिम किनाऱ्यावर वरळी, आणि वरळीत एनएससीआयचा डोम. प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामाची फायनल. बंगळुरू बुल्स विरुद्ध गुजरात. मध्यंतराला गुजरात पुढे होता. मग बंगळुरूचा एक पोरगा उठला आणि चढायांवर चढाया करत सुटला. पवन सेहरावत. एकट्याने २२ गुण. बंगळुरूने सामना ३८-३३ असा जिंकला.

आता गंमत बघा. आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, हाच पवन कुठे होता? गुजरातमध्येच! त्याच संघात. मोजके सामने मिळाले, अख्ख्या हंगामात जेमतेम दहाएक गुण. गुजरातने त्याला जाऊ दिलं. आणि पुढच्या वर्षी, बंगळुरूकडून खेळताना त्याने हंगामात २७० च्या वर गुण चढाईत मिळवले, आणि शेवटचे २२ गुजरातच्याच अंगावर.

मग गुजरातच्या लोकांना खेळ कळत नव्हता का? असं म्हणायला जीभ रेटत नाही. ते सलग दोन वर्षं फायनलला गेले. सचिन तन्वरसारखा कोवळा चढाईपटू त्यांनीच पुढे आणला. ज्यांची नजर एवढी तयार, त्यांच्या बाकावर बसलेला पवन त्यांना का दिसला नाही?

आजचा भाग याच प्रश्नावर आहे. चांगला चढाईपटू आधीच ओळखता येतो का? आणि ज्याला कुणी ओळखलं नाही, त्याने त्यातून काय समजायचं?

आधी थोडं सातासमुद्रापार जाऊन येऊ. हा प्रश्न तिकडे आपल्यापेक्षा फार जुना आहे, आणि त्यावर पैसाही कितीतरी पट लागलेला असतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक असतो. जवळपास प्रत्येक खेळीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. अंगावर धिप्पाड माणसं धावून येतायत, आणि दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं: चेंडू फेकायचा की नाही, कुणाकडे, किती लांब. बघितलंत? आपला चढाईपटूच हा. समोर सात जण, घड्याळात ३० सेकंद, आणि निर्णय एकट्याचा.

तिथे कॉलेजातून खेळून आलेली पोरं व्यावसायिक संघ दरवर्षी ‘ड्राफ्ट’मध्ये निवडतात. साधारणपणे गेल्या वर्षी तळाला असलेल्या संघाला पहिली संधी. त्याआधी इंडियानापोलिसला पोरांची मोजमापं होतात. उंची, वजन, पंजाची रुंदी, ४० यार्ड धावायला लागलेला वेळ, सगळं. १९९८ मध्ये दोन क्वार्टरबॅक होते, पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. पहिला कोण घ्यायचा यावर जाणकारांमध्ये खरोखर वाद होता. मॅनिंग पहिला गेला, लीफ दुसरा. मॅनिंगने पुढे दोन वेगवेगळ्या संघांकडून सुपर बाउल जिंकला. लीफची कारकीर्द चार वर्षांत आटोपली. आणि २००० साली टॉम ब्रॅडी नावाचा एक पोरगा, धावायला संथ, अंगाने किरकोळ, १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. म्हणजे त्याच्याआधी १९८ जणांची नावं पुकारली गेली. त्याने सात सुपर बाउल जिंकले.

पैसा, यंत्रं, व्हिडिओ, डॉक्टर, सगळं असूनही ही गत. हे डोक्यात ठेवा, आणि चला परत शिवडीला.

शिवडी म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना फ्लेमिंगो आणि अटल सेतू. पण त्याआधीची शिवडी कापसाची आणि गोदीची. कुलाब्याचा कापूसबाजार १९२० च्या दशकात शेजारच्या कॉटन ग्रीनला आला. एका बाजूला पोर्ट ट्रस्टची गोदामं आणि रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला लालबाग-परळपर्यंत गिरण्यांच्या चिमण्या. मधल्या चाळींमध्ये कोकणातून, साताऱ्या-सांगलीतून, कोल्हापूरकडून आलेली माणसं. ती येताना हुतुतू घेऊन आली. सामानात खेळ म्हणून एवढंच परवडणारं होतं. साहित्य काहीच नाही. जागा, माती आणि चौदा माणसं.

चाळीचाळीतून मंडळं उभी राहिली. थंडी सुरू झाली की दोन इमारतींच्या मधल्या पटांगणात माती चाळायची, पाणी मारायचं, रेषा आखायच्या, बांबूला दिवे टांगायचे, आणि रात्री उशिरापर्यंत सामने. आजही स्पर्धांच्या बातम्यांमध्ये तीच भाषा सापडते: सर्वोत्कृष्ट चढाई, सर्वोत्कृष्ट पकड, मालिकावीर.

याच गिरणगावातल्या ना. म. जोशी मार्गावरच्या श्रमिक जिमखान्याशी शंकरराव तथा बुवा साळवी यांचं नाव जोडलेलं आहे. कबड्डीला देशभर एका नियमात आणि एका संघटनेत बांधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, अशांमध्ये ते पहिल्या रांगेतले. म्हणून त्यांना कबड्डीमहर्षी म्हणतात. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, १९५२ मध्ये मद्रासला पहिली पुरुष राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९९० च्या बीजिंग एशियाडमध्ये कबड्डी पदकाचा खेळ झाला. त्या रस्त्याचा मोठा तुकडा आपल्या या भागातून जातो.

आता मुद्द्याचं. त्या काळात ‘ड्राफ्ट’ कसा व्हायचा?

ड्राफ्ट म्हणजे नोकरी. रेल्वे, बेस्ट, पोर्ट ट्रस्ट, बँका, महिंद्र, एअर इंडिया, पुढे भारत पेट्रोलियम, यांचे कबड्डी संघ असायचे. गिरणी कामगारांच्या स्पर्धा व्हायच्या. प्रभादेवीला हुतात्मा बाबू गेनू यांच्या नावाचं गिरणी कामगार क्रीडाभवन आहे, ते नाव वाचलं तरी कळतं की खेळ आणि कामगार हे इथे एकाच श्वासात घेतले जायचे. चाळीतल्या पोराने चांगल्या चढाया केल्या की कधीतरी मैदानाच्या कडेला कुणीतरी उभं असायचं. त्याच्याकडून आलेलं बोलावणं म्हणजे लागलेली नोकरी. आणि नोकरी म्हणजे पगार, घरच्यांचं औषधपाणी, धाकट्या बहिणीचं शिक्षण, निवृत्तीपर्यंतची निश्चिंती. गुडघा गेला तरी टेबल जागेवर राहायचं.

कडेला उभा असलेला तो माणूस काय बघायचा? मी लहानपणी मंडळाच्या कट्ट्यावर जे ऐकत आलो, त्याची ही गोळाबेरीज.

पहिलं, दम. तेव्हा ३० सेकंदांचं घड्याळ नव्हतं. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ चालू राहील तेवढीच चढाई. दम म्हणजे अक्षरशः फुप्फुसाचं माप.

दुसरं, पकडल्यावर तो काय करतो. हात मारून पळून येणारे बरेच असतात. चौघांनी घोटा-कंबर धरलेली असताना बोटं मध्यरेषेला टेकवायला जो तडफडतो, तो वेगळा.

तिसरं, एकटा उरल्यावर काय करतो. सहा जण बाहेर, लोण अंगावर आलेला, आणि आत हा एकटाच. घाबरून निदान रेषेला पाय लावून परत येतो, की जोखीम घेतो? आणि घेतली तर डोळे उघडे ठेवून घेतो का?

चौथं, दुसऱ्या दिवशी येतो का. कोपर सोललेलं, गुडघ्याला चिंधी, तरी संध्याकाळी सरावाला हजर.

या चारही गोष्टी एका रात्रीत दिसत नाहीत. त्याला तीन-चार मोसम लागतात. ते लोक तेवढा वेळ बघायचे, कारण ते तिथेच राहायचे. तोच पोरगा त्यांना सकाळी नळावर दिसायचा आणि रात्री मैदानात. जुन्या पद्धतीचं खरं बळ हे होतं, की बघणारा कायम तिथे हजर होता.

पण तिला सोन्याने मढवू नका. वशिला होता. आपल्या मंडळाचा, आपल्या गावाचा पोरगा पुढे ढकलणं होतं. गावाकडच्या पोराला दिसायचं तर आधी मुंबईत यावं लागायचं. आणि मुली? मुलींच्या संघांनी या शहरात जबरदस्त कबड्डी खेळली, पण कडेला उभा राहून नोकरी देणारा माणूस त्यांच्या वाट्याला फार कमी आला.

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप, सुमारे अडीच लाख कामगार. संपाला शेवट असा झालाच नाही, गिरण्याच एकेक करत संपल्या. कामगार पांगला, कल्याण-विरारकडे गेला, गावी गेला. मंडळं टिकली, स्पर्धाही टिकल्या, त्यांचं कौतुकच आहे. पण कडेला रोज उभी राहणारी नजर विरळ झाली. पुढे सरकारी आणि बँकांच्या नोकऱ्यांमधली खेळाडूंची भरतीही आटत गेली.

तिथून उडी थेट २०१४. मुंबईत २० मे रोजी प्रो कबड्डीचा पहिला लिलाव. एका संघाला खेळाडूंसाठी खर्चाची मर्यादा ६० लाख. सगळ्यात महाग गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना, पाटण्याकडे. तेव्हा संघांच्या हातात आकडेवारी अशी नव्हतीच. भारताकडून कोण खेळलाय, रेल्वे-सेनादलात कोणाचं नाव आहे, यावर बोली लागली. म्हणजे मैदान नवं, नजर जुनीच.

पण मग सामने टीव्हीवर आले, प्रत्येक चढाई मोजली जाऊ लागली, आणि किमती उसळल्या. २०१८ पर्यंत मर्यादा ४ कोटींवर गेली. मोनू गोयतला हरयाणाने १ कोटी ५१ लाख दिले. सांताक्रूझमध्ये वाढलेला रिशांक देवाडिगा, ज्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने २०१८ च्या जानेवारीत हैदराबादला राष्ट्रीय विजेतेपद अकरा वर्षांनी परत आणलं, त्याला यूपीने १ कोटी ११ लाखांना ठेवून घेतलं. २०२३ मध्ये पवन २ कोटी ६० लाख ५० हजारांना गेला, तेव्हा संघाची एकूण मर्यादा होती ५ कोटी. अर्ध्याहून जास्त पैसा एका माणसावर!

आता आकडे आले म्हणजे प्रश्न सुटला का? नाही ना. कारण चढाईपटूचे गुण त्याच्या एकट्याचे नसतात. जरा समजून घ्या.

चढाईपटू पकडला गेला की बाहेर बसतो. तो परत आत कधी येणार? त्याच्या संघाने समोरचा एक गडी टिपला की. म्हणजे ज्या संघाचे कोपरारक्षक धडाधड पकडी करतात, तिथला चढाईपटू पटकन आत येतो, त्याला चढाया जास्त मिळतात आणि गुणही. तोच पोरगा ढिसाळ बचावाच्या संघात टाका, निम्मा सामना बाकावर बसेल.

दुसरं, ‘करो या मरो’ची चढाई. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. काही संघ मुख्य माणसाला वाचवतात आणि या तिसऱ्या चढाईला दुय्यम पोराला पाठवतात. समोरच्याला ठाऊक असतं की हा रिकामा परत जाऊ शकत नाही, ते दबा धरून बसतात. पोरगा पकडला जातो. आकड्यात दिसतं काय? ‘यशाचं प्रमाण कमी.’ त्याला कुठल्या कामाला लावलं होतं, हे आकडा सांगत नाही.

तिसरं, माती आणि मॅट. मातीवर अनवाणी खेळलेल्या पोराचे पाय मॅटवर बूट घातल्यावर वेगळे पडतात. काहींचा वेग वाढतो, काहींचा तोल जातो. हे कळायला वेळ द्यावा लागतो.

आता पवनकडे परत या. गुजरातकडे तेव्हा त्यांचे ठरलेले चढाईपटू होते, त्यांची घडी बसली होती, संघ जिंकत होता. जिंकणारी घडी कोण मोडेल? पवन बसून राहिला. त्याच्या नावापुढचे दहाएक गुण हे त्याच्या ताकदीचं माप नव्हतं, त्याला मिळालेल्या वेळेचं होतं. बंगळुरूने त्याला मुख्य चढाईपटू म्हणून उभा केला, चुकला तरी परत पाठवला.

आणि तो एकटाच नाही. परदीप नरवाल २०१५ मध्ये बंगळुरूकडे होता, थोडेच सामने मिळाले. पुढे पाटण्याला गेला. २०१७ च्या हंगामात त्याने चढाईत ३६९ गुण काढले. त्यातले ३४ एकाच सामन्यात, हरयाणाविरुद्ध, आणि तेही आपल्या याच वरळीच्या डोममध्ये. म्हणजे एकाच बंगळुरूने एक हिरा सोडला आणि एक हिरा कमावला. नजर तीच, संधी वेगळी.

आपल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई घ्या. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिलाच हंगाम आणि चढाईचे २१८ गुण! पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. सिद्धार्थने तिथेही २०० च्या पुढे गुण केले, पण संघ गुणतक्त्याच्या तळाशीच राहिला. किंमत माणसाची ठरते, सामना सात जणांचा असतो. आणि नंतर दुखापतींनी त्याला गाठलं. दुखापत कुठल्या आकडेवारीत आधी दिसते?

शेवटचा दाखला, आणि माझ्या मते सगळ्यात बोलका. २०२२. तमिळ थलैवाजने पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं, तोवरची विक्रमी बोली. हंगामातल्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. हंगाम संपला. डोक्याला हात लावायची वेळ! पण मग चढायांना कोण जाणार? नरेंदर नावाचा एक नवखा पोरगा होता, पहिलाच हंगाम खेळणारा. दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्याच्यावर भार पडला. त्याने २४३ गुण काढले, आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचले.

आता सांगा, पवन धडधाकट असता तर नरेंदरचं नाव आपल्याला त्या वर्षी कळलं असतं का? कदाचित तोही दहा गुण घेऊन बाकावर बसला असता, आणि आपण म्हटलं असतं, ठीक आहे पोरगा, पण दम नाही.

म्हणून मला वाटतं, आपण प्रश्नच उलटा विचारतोय. ‘कुणात दम आहे हे कसं ओळखायचं?’ याच्याआधी ‘दम दिसेल एवढी मोकळीक कुणाकुणाला मिळाली?’ हे विचारायला हवं. गिरणगावाची पद्धत वशिल्याची होती, अर्धवट होती, पण ती पोराला चार मोसम द्यायची. लिलावाची पद्धत दूरच्या गावापर्यंत पोहोचते, चंदगडच्या पोराला कोट्यधीश करते, हे तिचं मोठंच देणं. पण ती एका हंगामात निकाल लावते, आणि निकालानंतर टेबल-खुर्ची राखून ठेवत नाही. मुलींचं तर बघाच: २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने महिलांची तीन संघांची छोटी स्पर्धा झाली, पुढच्या हंगामांत ती दिसली नाही. ज्यांना मैदानच मिळालं नाही, त्यांची किंमत कशी काढणार?

मी स्वतः मंडळाच्या संघात होतो, हे सांगायला हरकत नाही. बारा जणांच्या यादीत बारावा. कुमार गटात वजन ७० किलोच्या आत लागायचं, त्यासाठी आदल्या रात्री उपाशी राहिलो, वजनात बसलो, आणि सगळा मोसम पाण्याच्या बाटल्या भरल्या. मी पवन नव्हतो, गैरसमज नको! दोन चढाया मिळाल्या, दोन्हींत पकडलो गेलो. पण अजूनही कधीतरी वाटतं, तिसरी मिळाली असती तर निदान मला माझं खरं उत्तर कळलं असतं.

हे ऐकणाऱ्यांमध्ये कुणी चाचणी देऊन आलेलं असेल, यादीत नाव नसेल. खेळात, परीक्षेत, इंटरव्ह्यूत, कुठेही. तर एवढंच बघा: तुम्हाला किती चढाया मिळाल्या होत्या? दोन मिळाल्या असतील तर त्यांवरून स्वतःची किंमत ठरवू नका, आणखी चढाया कुठे मिळतील ते शोधा. आणि पुरेशा मिळून गेल्या असतील, तर उत्तर मान्य करायलाही शिका, तेही खेळातच येतं.

आणि जे मंडळं चालवतात त्यांना एक विनंती. संघ दहा गुणांनी पुढे असेल ना, तर शेवटच्या पाच मिनिटांत बाराव्याला आत पाठवा.

तुमच्या मंडळात असा कुणी बाकावरचा हिरा होता का? मला व्हॉइस नोटवर सांगा, पुढच्या भागात त्यातले काही ऐकवू. तोवर काळजी घ्या. भेटू.